सीडी विकणारी कंपनी आणि गच्चीवरचं पॅनल

(पोस्ट लांब आहे. सोलर बसवायच्या विचारात असाल तर सवडीने वाचा.)

गेल्या महिनाभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. एक निवृत्त गुरुजी, एक किराणा दुकानदार आणि आमच्या गल्लीतल्या काकू. "यूट्यूबवर दाखवतात, पेरोव्स्काईट का काय म्हणतात ते नवीन पॅनल येणार आहे. निम्म्या किमतीत. मग आता घाई कशाला? दोन वर्षं थांबू का?"

गुरुजींची पंचाईत दुहेरी आहे. त्यांच्याकडे एजंट दोनदा येऊन गेला आणि तो उलटंच सांगतोय. "सर, हे लेटेस्ट टेक्नॉलॉजीचं आहे, जुन्या पॅनलला आता कोणी विचारत नाही." म्हणजे एक म्हणतो नवीन येतंय म्हणून थांबा, दुसरा म्हणतो नवीन आलंय म्हणून घ्या.

मी काही शास्त्रज्ञ नाही. पण बातमीदारीत एक खोड लागते. "लवकरच येणार" अशी बातमी आली की मागच्या वेळी कोण कोण येणार होतं ते काढून बघायचं. सोलरच्या बाबतीत ही यादी बरीच लांब आहे आणि त्यात एक नाव असं आहे की ते तुमच्या घरातल्या टीव्हीखालच्या कप्प्यात अजून सापडेल. मोझर बेअर.

आठवलं? २००७-०८ चा काळ. २८ रुपयांत पिक्चरची व्हीसीडी, ३४ रुपयांत डीव्हीडी, आणि तीही ओरिजिनल. स्टँडवरच्या स्टॉलवर, जनरल स्टोअरमध्ये, कुठेही मिळायची. दिल्लीची ही कंपनी १९८३ साली टाईम रेकॉर्डरच्या यंत्रांपासून सुरू झाली. मग फ्लॉपी, मग कोऱ्या सीडी. कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवण्यात ती जगातल्या अगदी पहिल्या काही कंपन्यांत जाऊन बसली होती. तेव्हा आपल्याला तिचा अभिमान वाटायचा, आणि वाटायलाच हवा होता.

सीडी म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या चकतीवर अतिशय पातळ थर चढवणं. तो हात बसलेला होता. २००७ साली कंपनीने ठरवलं की असाच थर काचेवर चढवायचा आणि सोलर पॅनल बनवायचं. यंत्रं अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्सची. संगणकाच्या चिपा बनवायची यंत्रं विकणारी ही तेव्हा जगातली सगळ्यात मोठी कंपनी, म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. त्या यंत्रातून निघणारी एक काच २.२ बाय २.६ मीटरची, साधारण दुकानाच्या शटरएवढी. ग्रेटर नोएडात कारखाना उभा राहिला. पेपरात अग्रलेख आले, भारत आता सौरऊर्जेत पुढे जाणार म्हणून.

हा हिशोब तेव्हा मूर्खपणाचा नव्हता. का नव्हता, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आज आपण जे पॅनल बघतो त्याचा जन्म १९५४ चा. अमेरिकेत बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सेल केला. पडलेल्या उन्हातली सुमारे ६ टक्के ऊर्जा त्यातून वीज होऊन निघायची. किंमत मात्र भयंकर. १९५६ च्या हिशोबाने एका वॅटला सुमारे २८६ डॉलर. एवढ्या किमतीला गिऱ्हाईक एकच, अवकाश. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सोलर सेल घेऊन वर गेला आणि त्याचा ट्रान्समीटर १९६४ पर्यंत बोलत राहिला. पुढे १९७३ च्या सुमारास एलियट बर्मन नावाच्या माणसाने, एक्झॉन या तेलकंपनीच्या पैशावर, चिप कारखान्यांनी नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या घेऊन पॅनल केले आणि वॅटचा भाव शंभर डॉलरवरून वीसवर आणला. सोलरचा धंदा कित्येक वर्षं असाच चालला, संगणकवाल्यांच्या उरल्यासुरल्यावर.

मग २००० साली जर्मनीने कायदा केला, २००४ ला तो आणखी सोयीचा केला. गच्चीवरची वीज सरकारने ठरवून दिलेल्या चढ्या दराने घेतली जाणार, तेही वीस वर्षं. जर्मन लोकांनी घरांची छपरं, गोठे, कोठारं सगळं झाकून टाकलं. उरलंसुरलं सिलिकॉन कुठून पुरणार? शुद्ध सिलिकॉनचा भाव २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर गेला.

आता सिलिकॉनची एक मूळ खोड बघा. ऊन शोषण्यात ते तसं आळशी आहे. त्यामुळे चकती जाड लागते, साधारण दोन कागद एकावर एक ठेवल्याएवढी. काही दुसरे पदार्थ मात्र ऊन पटकन पितात. त्यांचा थर केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा असला तरी भागतं. अमॉर्फस म्हणजे घडी न बसलेलं सिलिकॉन, कॅडमियम टेल्युराइड, तांबं-इंडियम-गॅलियम-सेलेनियमचं मिश्रण, ही त्यातली नावं. कच्चा माल शंभर हिश्शांतला एखादाच लागणार आणि कच्चा मालच तर महाग झालेला. तुम्ही-मी व्यापारी असतो तरी यातच पैसे घातले असते.

यातलं अमॉर्फस सिलिकॉन आपण सगळ्यांनी वापरलंय. कॅल्क्युलेटरवर वरच्या बाजूला ती तपकिरी पट्टी असते ना, तेच. १९७६ ला अमेरिकेतल्या आरसीए प्रयोगशाळेत कार्लसन आणि रोन्स्की यांनी तो सेल केला आणि १९८० च्या सुमारास सान्योसारख्या जपानी कंपन्यांनी तो खिशात आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो पट्टा वर्षानुवर्षं चालतो. उन्हात ठेवला की मात्र पहिल्या काही महिन्यांत त्याचा जोर उतरतो, मग कुठे तो स्थिरावतो. हे १९७७ लाच कळलं होतं, आणि शोधणाऱ्यांपैकी एक रोन्स्की स्वतःच. म्हणजे ज्या पदार्थाने ऊन प्यायचं त्यालाच ऊन सोसत नाही. मोझर बेअरने यंत्रं मागवली तेव्हा ही गोष्ट तीस वर्षं जुनी होती. लपलेलं काहीच नव्हतं. पण ४०० डॉलर किलोच्या बाजारात हा दोष खपून जाईल असा सगळ्यांचा होरा होता.

आणि बाजारच पलटला. भाव बघून चीनमध्ये सिलिकॉन शुद्ध करायचे कारखाने धडाधड उभे राहिले. २०११ संपेपर्यंत ४०० चा भाव ३० च्या आसपास आला होता. तीन-साडेतीन वर्षांत. कांद्यातसुद्धा एवढी पडझड क्वचित बघितलीय आपण.

इथे एक साधं गणित आहे, ते कुठल्याही गवंड्याला कळेल. ७ टक्क्यांच्या पॅनलमधून एक किलोवॉट काढायचा तर दीडशे चौरस फूट जागा लागते. १४ टक्क्यांचं असेल तर पंचाहत्तर. आजच्या २२ टक्क्यांच्या पॅनलला पन्नास पुरतात. पॅनल फुकट जरी दिलं तरी दीडशे फुटांचं लोखंडी स्ट्रक्चर, वायर, नटबोल्ट, काच, वाहतूक आणि मजुरी फुकट मिळत नाही. पॅनल महाग होतं तोवर हा खर्च त्यात झाकून जायचा. पॅनल स्वस्त झालं तसा तो उघडा पडला. स्वस्त पण कमजोर माल, ही थिन फिल्मवाल्यांची सगळी जाहिरातच त्यात वाहून गेली.

मग एकेक जण गेला. अप्लाइड मटेरियल्सने जुलै २०१० मध्ये ती यंत्रं विकणंच बंद केलं. म्हणजे ज्यांनी घेतली होती त्यांच्या गळ्यात. कॅलिफोर्नियाच्या सोलिंड्राने सपाट पॅनलऐवजी काचेच्या नळ्या केल्या होत्या. अमेरिकन सरकारने तिला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. मे २०१० मध्ये खुद्द ओबामा कारखाना बघायला गेले आणि सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१२ मध्ये अबाउंड सोलर गेली, अमॉर्फसवाली एनर्जी कन्व्हर्जन डिव्हायसेस गेली आणि प्लास्टिकचे सेल करणारी कोनार्कासुद्धा गेली. कोनार्काच्या संस्थापकांत तर रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेले ॲलन हीगर होते. नोबेल काही बॅलन्सशीटमध्ये दाखवता येत नाही.

मोझर बेअरच्या दोन्ही बाजू एकदमच पडल्या. इकडे पेनड्राइव्ह आणि मोबाइलने सीडी मारली, तिकडे स्वस्त सिलिकॉनने थिन फिल्म मारली, मधे कर्ज. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात काढायचा आदेश झाला.

आता कोणी म्हणेल, सगळेच बुडाले का? नाही. एक वाचली, आणि तिची गोष्ट आपल्या देशाशी चांगलीच गुंतलेली आहे.

ओहायो राज्यातलं टोलेडो हे काचेच्या कारखान्यांचं गाव. तिथला हॅरल्ड मॅकमास्टर हा काचेतला मुरलेला माणूस. त्याने १९८० च्या दशकात सोलरमध्ये हात घातला, तोही आधी अमॉर्फस सिलिकॉनमध्येच. जमेना म्हणून ते टाकून कॅडमियम टेल्युराइड धरलं. १९९९ मध्ये वॉलमार्टवाल्या वॉल्टन घराण्याच्या पैशावर कंपनी हातबदल होऊन फर्स्ट सोलर झाली. म्हणजे आधी वर्षानुवर्षं चुका करायला सवड मिळाली आणि मागे न घाबरणारा पैसा होता. सिलिकॉन महाग होतं त्या चार-पाच वर्षांत यांचा माल तयार होता. २००९ च्या सुरुवातीला त्यांनी वॅटमागे एक डॉलरच्या आतला उत्पादनखर्च जाहीर केला. बाकीचे तेव्हा अजून यंत्रं जोडत होते.

आणि नंतर सिलिकॉन कोसळल्यावर त्यांना हात दिला कोणी? बऱ्याच अंशी आपण.

२०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय सौर मिशन आणलं. अट घातली की सिलिकॉनचे पॅनल भारतात बनलेलेच हवेत. हेतू चांगला. पण थिन फिल्मला ती अट लावली नाही. एवढीच फट. अमेरिकेच्या सरकारी एक्झिम बँकेने अमेरिकन पॅनल घेणाऱ्यांना स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज द्यायला सुरुवात केली आणि आपल्या उद्योजकांनी तिकडे धाव घेतली. राजस्थानात पोखरणजवळ रिलायन्सचा ४० मेगावॉटचा प्रकल्प २०१२ ला उभा राहिला तो अशाच कर्जावर आणि फर्स्ट सोलरच्याच पॅनलवर. जगात थिन फिल्मचा वाटा तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास होता, आपल्या मिशनच्या पहिल्या टप्प्यात तो निम्म्याहून जास्त झाला. आपल्या कारखान्यांना आधार द्यायला केलेल्या नियमातून आपलेच कारखाने ओस पडले. वर २०१३ मध्ये अमेरिका त्याच अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये आपण हरलो. तेव्हा मराठी पेपरांत ही बातमी आतल्या पानावर दोन कॉलम आली असेल नसेल. आम्हा पत्रकारांचंही चुकलंच.

असो. कॅडमियम टेल्युराइड पदार्थ म्हणून वाईट नाही. आपल्या चैत्र-वैशाखात पॅनल साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं, तेव्हा सिलिकॉनचा जोर जेवढा उतरतो त्याहून याचा कमी उतरतो. अडचण टेल्युरियमची. ते तांबं शुद्ध करताना थोडंथोडकं निघतं, मागणी वाढली म्हणून वेगळी खाण काढता येत नाही. फर्स्ट सोलरचा कारखाना आता तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात आहे, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, वर्षाला सुमारे ३.३ गिगावॉट. तरीही आज जगात विकल्या जाणाऱ्या शंभर पॅनलपैकी पंच्याण्णवहून जास्त सिलिकॉनचीच आहेत.

आता येऊ गुरुजींच्या पेरोव्स्काईटवर.

नाव रशियन आहे. १८३९ मध्ये उरल पर्वतात एक खनिज सापडलं, त्याला लेव पेरोव्स्की या रशियन अधिकाऱ्याचं नाव दिलं. गंमत म्हणजे त्याच १८३९ मध्ये फ्रान्समध्ये एकोणीस वर्षांच्या बेकरेलला प्रकाशातून वीज निघते हे पहिल्यांदा दिसलं. दोन्ही गोष्टींची गाठ पडायला १७० वर्षं लागली. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांनी त्या खनिजासारखी रचना असलेला, शिसं आणि आयोडीन घातलेला पदार्थ सेलमध्ये वापरला. कार्यक्षमता ३.८ टक्के, आणि द्रवातला तो सेल टिकेना. २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या स्नेथ आणि कोरियाच्या पार्क यांच्या गटांनी घट्ट स्वरूपाचा सेल केला आणि मग जगभर धुमाकूळ. आज एकट्या पेरोव्स्काईटचा प्रयोगशाळेतला आकडा २६ टक्क्यांच्या वर आहे. सिलिकॉनला एवढं चढायला अर्धं शतक लागलं.

पदार्थ स्वस्त, आणि शाईसारखा पसरता येतो, हजार-दीड हजार अंशांची भट्टी लागत नाही. यूट्यूबवाले इथपर्यंत खरंच सांगतात. पुढचं सांगत नाहीत. याला ओल सोसत नाही, उष्णता सोसत नाही, आणि काही अंशी ऊनसुद्धा सोसत नाही. पुन्हा तीच कॅल्क्युलेटरच्या पट्टीची गोष्ट. त्यात शिसं आहे आणि ते पाण्यात विरघळतं. गारपिटीत काच फुटली तर गच्चीवरून टाकीत काय उतरेल, हा प्रश्न आपल्याकडे विचारायलाच लागेल.

पण यावेळी एक गोष्ट मागच्यापेक्षा वेगळी आहे, आणि मला ती महत्त्वाची वाटते. मागच्या सगळ्यांना सिलिकॉनला हटवायचं होतं. आता सिलिकॉन पॅनलचा घाऊक भाव चीनमध्ये वॅटला दहा सेंटच्या आसपास आलाय. त्याहून स्वस्त करून जिंकण्याला अर्थच उरलेला नाही. म्हणून पेरोव्स्काईटवाले सिलिकॉनच्या खांद्यावर बसायला निघालेत. खाली सिलिकॉन, वर पेरोव्स्काईटचा पातळ थर. वरचा निळा-हिरवा प्रकाश घेतो, खालचा लाल आणि त्यापलीकडचा. याला टँडम म्हणतात. नुसतं सिलिकॉन साडेएकोणतीस टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, निसर्गाचीच मर्यादा आहे. टँडममध्ये चीनच्या लाँगीने एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५ टक्के गाठले, अर्थात नखाएवढ्या तुकड्यावर. आणि मघाचं गवंड्याचं गणित इथे उलटं, यांच्या बाजूने लागतं. स्ट्रक्चर, मजुरी, जागा तीच, वीज जास्त. जिथे पॅनलपेक्षा बाकीचा खर्च मोठा, तिथे जोरदार पॅनलला चार पैसे जास्त मिळतात.

विक्री सुरू झालीय का? झालीय. ऑक्सफर्ड पीव्हीने जर्मनीतल्या ब्रँडेनबर्गच्या कारखान्यातून सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला व्यापारी माल अमेरिकेला पाठवला, २४.५ टक्क्यांचा. कंपनी २०१० ची, म्हणजे पहिल्या विक्रीला चौदा वर्षं. चीनमध्ये मोठे कारखाने उभे राहतायत. जपानने २०४० पर्यंत २० गिगावॉट पेरोव्स्काईटचं लक्ष्य ठेवलंय. त्यांचं कारण वेगळं आहे. आयोडीन काढण्यात चिलीनंतर जपानचा नंबर, आणि पातळ वाकणारे पॅनल असतील तर हलक्या पत्र्यांवर, भिंतींवर चिकटवता येतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत २०१० पासून फोटोव्होल्टाइक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथेही ३० टक्क्यांच्या आसपासचे टँडम सेल झालेत. काम चांगलं आहे. फक्त मोझर बेअरसारखं यंत्र बाहेरून आणायचं आणि फीत कापायची असं पुन्हा होऊ नये, तेवढ्यासाठी या केंद्रावर पत्रकारांनीही लक्ष ठेवायला हवं.

राहिली वेळ. सिलिकॉनचं पॅनल पंचवीस वर्षं टिकतं हे आपण कशावरून म्हणतो? पंचवीस वर्षांपूर्वी लावलेली पॅनल अजून चालू आहेत म्हणून. पेरोव्स्काईटला प्रयोगशाळेत ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवून बघतात. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. त्यावरून पंचवीस पावसाळ्यांचा अंदाज बांधायचा. विज्ञानाला हे करावंच लागतं. पण काकूंनी आपल्या गच्चीवर ते का करावं?

गुरुजींना मी एवढंच सांगितलं. तीन किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण बारा युनिट देतं. दोन वर्षं थांबलात तर साडेआठ हजार युनिट गेले, तुमच्या बिलावरचा दर लावून बघा. सूर्यघरचं ७८ हजारांचं अनुदान २०२६-२७ पर्यंतच्या योजनेत आहे, आणि तिथे पॅनलसोबत सेलही भारतातलाच लागतो, तेव्हा एजंटाकडून ते कागदावर घ्या. "लेटेस्ट टेक्नॉलॉजी" म्हणतो त्यात पदार्थ कोणता ते विचारा. बहुतेक सिलिकॉनच निघेल, आणि निघालं तर चांगलंच आहे. वॉरंटीच्या कागदावर पंचवीस वर्षं लिहिलेली असतात, ती कंपनी असेपर्यंतचीच. गुरुजी म्हणाले, "म्हणजे पॅनल बघायच्या आधी कंपनीचा ताळेबंद बघू?" म्हटलं, होय सर.

एक विनंती. २०१० ते २०१३ च्या दरम्यान कुणाच्या शाळेत, आश्रमशाळेत, पंपावर किंवा पेट्रोल पंपावर काळपट-तपकिरी, चौकट नसलेलं, सलग काचेसारखं दिसणारं पॅनल लावलेलं असेल आणि ते अजून तिथेच असेल, चालू किंवा बंद, तर कमेंटमध्ये गाव लिहा. मागच्या बाजूचं स्टिकर वाचता येत असेल तर फोटो टाका. मोझर बेअरचं निघालं तर मी मीटर घेऊन स्वतः येतो, बघू किती वॅट देतंय ते.